पावणेआठ मिलिमीटरचं दार

प्लॅस्टिकची विमानं जोडणाऱ्यांमध्ये एक विचित्र रिवाज आहे. विमानाचं धड डावं आणि उजवं अशा दोन भागांत येतं. ते चिकटवण्याआधी आत महिनोन्‌महिने काम करायचं. खुर्च्या, त्यांचे पट्टे, रेडिओचे खोके, तांब्याच्या तारेच्या वायरी. मग दोन्ही भाग जुळवायचे आणि सांधा घासून गुळगुळीत करायचा. त्यानंतर त्यातलं जवळपास काहीच दिसत नाही. लढाऊ विमानात निदान वैमानिकाची जागा काचेखाली राहते. बॉम्बफेकी विमानाचं पोट मात्र लांब, अंधारं आणि बंद.

मीही हा रिवाज पाळतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश ॲव्हरो लँकॅस्टरचं 1/72 मापाचं मॉडेल मी वर्षभर जोडत होतो. न दिसणारं काम नीट करण्याची सवय पेशातूनच लागलेली आहे, त्यामुळे 'दिसणार नाही तर कशाला?' हा घरच्यांचा प्रश्न मला कधी टोचला नाही. मला टोचतो तो दुसरा प्रश्न : आत नेमकं काय भरायचं, हे आपण कशावरून ठरवतो?

या छंदात चांगल्या अंतर्भागाचं एकच माप आहे, अचूकता. चेक कंपनी एडुआर्डचे कोरीव धातूचे पत्रे मिळतात, त्यांत उपकरणांच्या तबकड्या आधीच रंगवलेल्या असतात. लँकॅस्टरच्या आत काळा रंग कुठे संपतो आणि राखाडी-हिरवा कुठे सुरू होतो, यावर लोक तावातावाने भांडतात. हे सगळं मला आवडतं. पण ही अचूकता बहुतेक वेळा यादीची असते. अमुक खोका आहे का? आहे. तमुक पट्टा आहे का? आहे. त्या खोक्याशेजारी बसलेल्या माणसाचं काय होत होतं, हे यादीत येत नाही.

लँकॅस्टरमध्ये सात जण असत. पंखांना जोडणारी मुख्य तुळई धडाच्या आतून आडवी जाते. पुढून मागे जायचं तर जड कपड्यांत, अंधारात, ती ओलांडावी लागे. रेडिओवाल्याजवळ गरम हवेचं तोंड, म्हणून तो उबेत. शेपटाकडचा तोफची गारठलेला. त्याच्या कोंदट बुरुजात पॅराशूट मावत नसे, ते मागे धडात अडकवलेलं असे. विमान पेटलं की आधी दार उघडून ते घ्यायचं, मग उडी. मॉडेलमध्ये तुळई आणि पॅराशूटची पिशवी हे दोनच तुकडे नीट बसवले तरी तबकड्यांच्या पत्र्यापेक्षा जास्त कळतं. तपशील चांगला की नुसता बारीक, हे मी आता असं ओळखतो : त्यामुळे माणसाची हालचाल समजते का?

याच कसोटीवर माझं स्वतःचं मॉडेल नापास झालं.

नाकाच्या तळाशी, बॉम्ब सोडणाऱ्याच्या पोटाखाली, सुटकेचं दार असतं. ते माझ्या किटमध्ये नुसती कोरलेली चौकट होती. मी तिच्यावरून रंग फिरवला आणि पुढे गेलो. नंतर फ्रीमन डायसनचं 'डिस्टर्बिंग द युनिव्हर्स' (1979) वाचलं. पुढे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आलेला डायसन युद्धात विशीच्या आसपास होता आणि बॉम्बर कमांडच्या मुख्यालयात आकडेमोड करत होता. तो सांगतो की पाडल्या गेलेल्या अमेरिकन विमानांतून सुमारे निम्मे लोक जिवंत सुटत, जुन्या हॅलिफॅक्समधून पाव, आणि लँकॅस्टरमधून फक्त 15 टक्के. लँकॅस्टर कमी पाडलं जाई म्हणून ते सुरक्षित मानलं जाई. पण एकदा पाडलं गेलं की त्यातून बाहेर पडणं अवघड होतं. हॅलिफॅक्सचं दार 24 इंच रुंद, लँकॅस्टरचं 22. डायसनचा एक सहकारी ते रुंद करण्यासाठी दोन वर्षं झगडला. मोठं दार येईपर्यंत युद्ध संपत आलं होतं.

मी पट्टी घेऊन बसलो. 1/72 मापात 22 इंच म्हणजे पावणेआठ मिलिमीटर. हॅलिफॅक्सशी फरक 0.7 मिलिमीटर. खुर्चीचा पट्टा एवढ्याने चुकला असता तर मी तो उखडून पुन्हा लावला असता. दार मात्र मी मोजलंच नव्हतं. एक प्लॅस्टिकचा वैमानिक त्या चौकटीवर आडवा धरून पाहिला. त्याने सिद्ध काहीच होत नाही, असे पुतळे जाडच असतात. तरी तो हातात धरून बराच वेळ बसलो.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. विमानाच्या आत डोकावलं की आपोआप आतल्यांची बाजू घेतली जाते. बॉम्बर कमांडचे 55,573 लोक मेले. पण त्याच धडाखाली 33 फुटांचा बॉम्बचा कप्पा होता, आणि जुलै 1943मध्ये हॅम्बुर्गला काही दिवसांत तीस हजारांहून जास्त माणसं मेली. कोणताही जास्तीचा पत्रा ही बाजू दाखवत नाही. मॉडेलला खालचं शहर नसतं. ही उणीव अंतर्भाग कितीही भरला तरी भरून निघणार नाही, आणि ती भरल्याचा आवही आणू नये. मात्र ज्यांनी दाराची रुंदी बदलायला दोन वर्षं लावली, त्यांच्याच टेबलांवर शहरांच्या याद्या होत्या. आतलं दार आणि खालचं शहर या दोन्हींच्या बाबतीत माणूस हिशेबात शेवटी आला.

दुसरं लँकॅस्टर आता टेबलावर आहे. तबकड्या किटमधल्याच ठेवल्या आहेत. तुळई आणि पॅराशूट बसवलं आहे. नाकातली चौकट पात्याने कापून दार काढून टाकलं आहे. धड चिकटवलं की पाहणाऱ्याला ते दिसणार नाही, कारण विमान त्याच्या चाकांवर उभं राहतं आणि दार खालच्या अंगाला आहे. ज्याला पाहायचं असेल त्याला मॉडेल हातात घेऊन उलटं करावं लागेल. तेवढी परवानगी मी देणार आहे.