झिप फाईलींची संगणकीय तुलना आणि मराठी पाठचिकित्सा

प्रास्ताविक :
मराठीतील पाठचिकित्सेचा विचार करताना पैठणचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. संत एकनाथांनी शके १५०६ म्हणजेच इ.स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एका जुन्या पोथीच्या आधारे ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली व ती पोथी एकनाथपूर्व असल्याचे प्रतिपादन केले. अशा संहिता आज संगणकावर टंकलिखित करून झिप फाईलींत साठविता येतात आणि त्यांच्यातील फरक शोधण्याचे काम विनमर्ज, बियाँड कम्पेअर यांसारख्या सॉफ्टवेअरकडे सोपविता येते. या साधनाची उपयुक्तता आणि मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

साधनाचे कार्य :
झिप हे अनेक फाईलींचे एकत्र बांधलेले गाठोडे होय. त्यात प्रत्येक फाईलचे नाव, आकार, बदलाची वेळ आणि सीआरसी-३२ हा पडताळा अंक नोंदविलेला असतो. एकाच मजकुराची दोन गाठोडी वेगवेगळ्या वेळी वा वेगळ्या संक्षेपाने बांधली, तर ती बाह्यतः भिन्न ठरतात. म्हणून गाठोडे उघडून आतील फाईलींची तुलना करणारे साधन आवश्यक असते. वर्ड २००७ पासून प्रचलित झालेली डॉकएक्स फाईल स्वतःच एक झिप असते. मजकूर तोच असला तरी संपादनाच्या अंतर्गत खुणा बदलल्यामुळे तिच्यातील एक्सएमएल भिन्न दिसू शकते. त्यामुळे ‘फाईल भिन्न’ हा निर्णय आणि ‘पाठ भिन्न’ हा निर्णय एक मानता येत नाही.

संकेतनाचा प्रश्न :
‘वाऱ्यावर’ या शब्दातील ऱ्य युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर हलन्तासह येते, तर दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लागते. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, यंत्राला मात्र भिन्न. युनिकोडच्या प्रमाण सामान्यीकरणानेही ही दोन रूपे एक होत नाहीत. परिणामी जेथे पाठभेद नाही, तेथे तो नोंदविला जातो.

गाळणीचा धोका :
असे खोटे भेद टाळण्यासाठी तुलनेपूर्वी मजकुराला गाळणी लावली जाते. खरा धोका येथेच संभवतो. ह्रस्व-दीर्घ व अनुस्वार यांतील फरक दुर्लक्षित करावेत, अशी सूचना दिल्यास अहवाल आटोपशीर होतो. परंतु प्राचीन मराठीत शब्दान्तीचा अनुस्वार अनेकदा विभक्तीचा निदर्शक असतो. राजवाडे यांनी आपल्या प्रतीच्या आधारे ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरण सिद्ध केले, ते अशाच रूपांच्या बळावर. भाविक वाचकासाठी जो फरक क्षुल्लक आहे, तोच भाषेच्या अभ्यासकासाठी पुरावा असतो. उलटपक्षी, पोथ्यांत ‘ख’ऐवजी येणारा ‘ष’ हा बहुधा केवळ लेखनसंकेत असतो. कोणता भेद गाळावा आणि कोणता राखावा, हा निर्णय भाषेच्या व काळाच्या ज्ञानावर अवलंबून आहे. तो यंत्राच्या पूर्वनिर्धारित पर्यायांवर सोडणे म्हणजे संपादकाने आपली जबाबदारी टाळणे होय.

समारोप :
संगणकीय तुलना त्याज्य नाही. हजारो ओव्यांच्या प्रती अक्षरशः ताडून पाहताना मानवी नजर थकते, यंत्र थकत नाही. मात्र मूळ टंकलिखित प्रत जशीच्या तशी जतन करावी, सामान्यीकरण तिच्या नकलेवर करावे आणि लावलेल्या प्रत्येक गाळणीची नोंद निष्कर्षांसोबत प्रसिद्ध करावी. एकनाथांनी प्रतिशुद्धीचा शक नोंदविला. त्यांनी वगळलेल्या पाठांची यादी मात्र आज हाती नाही. त्यामुळे त्यांच्या पूर्वीची संहिता अभ्यासकांना इतर पोथ्यांतून शोधावी लागते. वगळलेले पाठ जपून ठेवणे आजच्या संपादकास सहज शक्य आहे. ते न जपता केवळ ‘एकरूप’ असा शेरा देणारा अहवाल सादर झाला, तर पुढील अभ्यासकाला तीच उणीव पुन्हा भासेल.