फ्लोरीनयुक्त स्टायरीनची सहबहुवारिके: नियंत्रण कशावर, कशावर नाही

साध्या मुक्त मूलक बहुवारिकीकरणात साखळी सुरू होते, वाढते आणि काही सेकंदांत संपते. नागोठण्याजवळच्या आमडोशीत पॉलिस्टायरीन याच तत्त्वावर तयार होते. नियंत्रित पद्धतीत साखळीचे टोक बहुतेक वेळ निद्रिस्त ठेवलेले असते. ते क्षणभर जागे होते, थोडी एकवारिके जोडते आणि पुन्हा निजते. 1993 साली नायट्रॉक्साइडने, 1995 साली मातियाशेव्स्की आणि सावामोतो यांच्या धातुसंयुगांनी आणि 1998 साली ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संशोधन संस्थेच्या गंधकयुक्त संयुगांनी हे साधले. फ्लोरीनयुक्त स्टायरीनपैकी पेंटाफ्लोरोस्टायरीनला या तिन्ही वाटा मानवल्या.

मात्र नियंत्रण साखळीच्या लांबीवर असते, पुढे कोणते एकवारिक जोडले जाईल यावर नसते. पाच फ्लोरीन अणूंनी पेंटाफ्लोरोस्टायरीनचे वलय इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत दरिद्री झालेले असते, त्यामुळे ते आणि स्टायरीन एकमेकांना पसंत करतात. समप्रमाणात घेतले तर दोघे बरेचसे आलटून-पालटून जोडले जातात; पद्धत कोणतीही असो, ही ओढ तीच राहते. प्रमाण विषम असेल तर एक एकवारिक लवकर खर्ची पडते. तेव्हा साध्या पद्धतीत आधीच्या आणि नंतरच्या साखळ्या वेगळ्या घडणीच्या निघतात. नियंत्रित पद्धतीत तोच बदल प्रत्येक साखळीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उतरतो. एकूण रचना सारखी असूनही दोन नमुने वेगळे वागू शकतात ते यामुळे. अनेक शोधनिबंध फक्त सरासरी रचना देऊन गुणधर्म सांगतात, ही या क्षेत्रातली मोठी उणीव आहे.

फ्लोरीनमुळे येणाऱ्या पाणी झटकण्याच्या गुणाचा गाजावाजा जास्त झाला. गुळगुळीत पृष्ठावर ट्रायफ्लोरोमिथाइल गटांची दाट मांडणी करूनही पाण्याचा स्पर्शकोन 120 अंशांच्या आसपासच थांबतो. वलयावरच्या फ्लोरीनची मजल त्याहूनही कमी. खरे मोल आहे ते पॅरा स्थानावरच्या फ्लोरीनचे. सौम्य परिस्थितीत थायॉल (गंधकयुक्त संयुग) त्याची जागा घेते, त्यामुळे तयार साखळीवर मागाहून हवा तो गट बसवता येतो.

याचा सर्वांत कसदार उपयोग इंधन घटात दिसतो. अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी फॉस्फोरिक आम्लावर चालणारा इंधन घट विकसित केला. 2021 च्या मार्चमध्ये त्याच्या जमिनीवरील नमुन्याची चाचणी झाली. अशा घटात द्रव आम्ल सांभाळून ठेवावे लागते. ते साखळीलाच बांधता आले तर वाहून जाण्याचा प्रश्न उरत नाही. जर्मनीतील केरेस यांच्या गटाने 2011 साली पॅरा फ्लोरीनच्या जागी फॉस्फोनिक आम्ल बसवून ते करून दाखवले. उरलेले फ्लोरीन आम्लाची ताकद वाढवतात आणि तापल्यावर दोन आम्लगटांनी पाणी टाकून जुळण्याला आळा घालतात. त्या बहुवारिकात दुसरे एकवारिक नव्हते आणि ठोकळे, म्हणजे एकेका एकवारिकाचे सलग लांब तुकडे, हेही नव्हते. ठोकळेदार रचनेने प्रोटॉनांचे वहन किंवा मजबुती किती वाढते, हे पडताळायला एकाच लांबीच्या यादृच्छिक आणि ठोकळेदार साखळ्या शेजारी ठेवून मोजणे हाच मार्ग आहे.

धातूचे अवशेष, गंधकाच्या टोकांचा रंग आणि एकवारिकाची किंमत या अडचणी उरतातच. पर्यावरणाच्या दृष्टीनेही सरसकट निवाडा चालत नाही: आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या (ओईसीडी) 2021 च्या व्याख्येनुसार पेंटाफ्लोरोस्टायरीन चिवट फ्लोरो-अल्किल रसायनांत (पीएफएएस) मोडत नाही, ट्रायफ्लोरोमिथाइल गट असलेली स्टायरीन मात्र मोडतात.