'पहेली'ला किती स्टार? आधी नमुना कुठून घेतला ते सांगा

मागच्या वेळी शेतातून मातीचा नमुना कसा घ्यायचा ते सांगितलं होतं. आज तीच गोष्ट सिनेमाबद्दल सांगणार आहे. हसू नका, संबंध आहे.

झालं असं, की नांदेडला आमच्या हॉस्टेलवर सध्या कोरियन सिनेमांचं वेड आहे. मागच्या महिन्यात आम्ही 'इल मारे' बघितला, २००० सालचा. समुद्रकाठच्या एका घराच्या पत्रपेटीतून दोन वर्षांच्या अंतरावर जगणारी दोन माणसं एकमेकांना पत्रं पाठवतात आणि प्रेमात पडतात. हॉलिवूडने यावरूनच २००६ मध्ये 'द लेक हाऊस' काढला. सिनेमा संपला आणि खोलीत वाद सुरू. एक म्हणाली, "काहीच लॉजिक नाही." दुसरी डोळे पुसत होती. तिसरीने मोबाईल काढला, रेटिंग बघितलं आणि निकाल देऊन टाकला, "एवढे स्टार आहेत म्हणजे चांगलाच आहे." वाद मिटला. मला मात्र ते खटकत राहिलं.

नंतर सुट्टीत चाकूरला घरी आले, तर टीव्हीवर 'पहेली' लागलेला. म्हणजे आपल्याकडचंच भूत आणि आपल्याकडचंच प्रेम. आई, शेजारच्या काकू, धाकटा भाऊ आणि मी, असे चौघं बघत बसलो. चौघांची मतं चार दिशांना गेली. त्यावरून हा लेख.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगते. अमोल पालेकरांचा हा सिनेमा २००५ चा, पटकथा संध्या गोखले यांची, मूळ कथा विजयदान देथा यांची 'दुविधा'. लच्छीचं (राणी मुखर्जी) लग्न होतं. नवरा किशनलाल (शाहरुख खान) पहिल्या रात्री हिशेबाच्या वह्या काढून बसतो आणि दुसऱ्या दिवशी व्यापारासाठी पाच वर्षांकरता निघून जातो. वाटेत लच्छीवर जीव जडलेलं एक भूत किशनलालचं रूप घेऊन घरी येतं. पुढे खरा नवरा परत येतो. शेवट खाली सांगणार आहे, तो आधी कळायला नको असेल तर इथेच थांबा.

स्टार म्हणजे कुठली माती?

मातीचा नमुना घेताना आपण उकिरड्याजवळची, बांधावरची, झाडाखालची माती टाळतो. का? कारण उकिरड्याजवळची माती तपासली तर सेंद्रिय कर्ब भरपूर दिसणार आणि आपल्याला वाटणार, अख्खं रानच सुपीक आहे. म्हणून रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती घ्यायची, एकत्र करायची, मग त्यातली अर्धा किलो तपासायला द्यायची.

सिनेमाला स्टार देणारे लोक असे नागमोडी चालून गोळा केलेले नसतात. ज्याला फार आवडला किंवा ज्याचं डोकं फिरलं, तोच मुद्दाम मत लिहायला बसतो. 'ठीक होता' म्हणणारा टीव्ही बंद करून झोपतो. नान हू, पॉल पावलू आणि जी झांग यांनी २००९ मध्ये अॅमेझॉनवरच्या मतांचा अभ्यास करून हेच दाखवलं. पाच स्टारवाले पुष्कळ, एक स्टारवाले थोडे आणि मधले त्याहून कमी. आलेख काढला तर तो इंग्रजी 'जे' अक्षरासारखा दिसतो. पण एखादी वस्तू सगळ्यांनाच देऊन सगळ्यांकडूनच मत घेतलं, की मधली माणसं परत दिसायला लागतात.

दुसरा घोळ असा, की आपण मत देण्याआधी दुसऱ्यांचं मत बघतो. मचनिक, अराल आणि टेलर यांनी २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये एक प्रयोग छापला. एका बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या लाखभर प्रतिक्रियांपैकी काहींना त्यांनी आल्याआल्याच, कुठलाही निकष न लावता, एक खोटं 'आवडलं' देऊन टाकलं. त्यानंतर येणाऱ्या पहिल्या माणसाने 'आवडलं' म्हणण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी. खोटं 'नावडलं' दिलं तेव्हा मात्र पुढच्या लोकांनी ते भरून काढलं. म्हणजे कौतुकाची लागण होते, टीकेची तितकी होत नाही. आमच्या तिसऱ्या मैत्रिणीचं काय झालं, आलं ना लक्षात?

आमच्या घरातली मतं

आता आमच्या ओसरीतलं ऐका. इथे कुणी स्टार दिले नाहीत.

भाऊ इंजिनीअरिंगला आहे. त्याचं म्हणणं, "त्या खऱ्या नवऱ्याचा काय गुन्हा? बापाने पाठवलं म्हणून गेला बिचारा."

आईचं लक्ष सगळा वेळ जूही चावलाने केलेल्या थोरल्या जावेकडे. तिचा नवराही घर सोडून गेलेला. आई म्हणाली, "हिच्यासाठी कुठलं भूत आलं नाही."

काकूंचं लग्न सोळाव्या वर्षी झालं. आठ दिवसांनी काका पुण्याला गाडी चालवायला गेले ते वर्षातून दोनदा यायचे, दिवाळीला आणि एखाद्या लग्नकार्याला. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भूत तरी इचारून आलं, माय. आमच्या येळंला कोण इचारलं?"

सिनेमाचा प्राण नेमका तिथेच आहे. भुताला रूप घेऊन गप्प राहता आलं असतं. सासऱ्याला ते फसवतंच. पण लच्छीला ते खरं सांगतं, मी तुझा नवरा नाही, आणि निर्णय तिच्यावर सोडतं. आजवर तिला कुणी काही विचारलेलं नसतं. बापाने नाही, सासऱ्याने नाही, नवऱ्याने नाही.

आता माझं मत

'लॉजिक नाही' ही तक्रार मला अशा सिनेमांबाबत पटत नाही. भूत आहे किंवा पत्रपेटी काळ ओलांडते, हे गृहीतक आहे. गृहीतकावर भांडायचं नसतं, ते शेवटपर्यंत पाळलं का, एवढंच बघायचं. 'पहेली' इथेच घसरतो. देथांच्या कथेत मेंढपाळ भुताला मशकीत अडकवतो आणि बाईच्या वाट्याला पुन्हा नवराच येतो. मणी कौल यांचा १९७३ चा 'दुविधा' याच कथेवरचा. पालेकरांनी शेवट बदलला. मशकीत गेलेलं भूत सुटतं आणि किशनलालच्या अंगात शिरतं. लच्छी सुखी.

काकूंनी लगेच पकडलं. "आतापस्तोर रूप घेत होतं, आता अंगात आलं व्हय?" रूप घेणं वेगळं आणि अंगात येणं वेगळं, हे आपल्याकडे कुणालाही कळतं. नियम ऐनवेळी बदलला. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, लच्छीला विचारणाऱ्या भुताने किशनलालला विचारलं नाही. त्याचं पुढे काय झालं, यावर सिनेमा एक मिनिटही थांबत नाही. माझा भाऊ चुकीचा नव्हता.

तरी मला हा शेवट निव्वळ गोडगोड वाटत नाही. बाईची इच्छा पुरी होऊ द्यायची, असं पालेकर-गोखले यांनी ठरवलं. हिंदी सिनेमात ते सोपं नव्हतं. फक्त त्याची किंमत कुणी मोजली, ते त्यांनी झाकलं. ती दाखवली असती तर सिनेमा आणखी मोठा झाला असता. त्या वर्षी ऑस्करसाठी भारताकडून हाच सिनेमा गेला होता, नामांकन मिळालं नाही. पण तोही शेवटी एक स्टारच.

आमच्या ओसरीतले चौघं म्हणजे काही नमुना नव्हे, हे मलाही कळतं. चार माणसांवर निष्कर्ष काढला तर माझे गाइड मला दारात उभं करणार नाहीत. पण सरासरी काढली असती तर भाऊ, आई आणि काकू मिळून साडेतीन स्टार झाले असते आणि काकूंचं ते वाक्य कुठेच दिसलं नसतं.

सध्या माझ्यासाठी स्थळं येतायत. त्या रात्री भांडी घासताना आई सहज म्हणाली, "रविवारी येणाऱ्यांना हो म्हणायच्या आधी तुला विचारीन हं." याआधीच्या दोन वेळी विचारलं नव्हतं.

तुम्हीही पुढचा सिनेमा बघाल तेव्हा मोबाईल जरा बाजूला ठेवा. घरात जो सगळ्यात कमी बोलतो, त्याला विचारा. आणि काय म्हणाले ते मला कळवा.