उत्तर माहीत असलेले प्रश्न

काटोलच्या बाजारात कुणी संत्र्याचा भाव विचारतो, तेव्हा त्याला तो माहीत नसतो. स्टेशनवर ‘नागपूरची गाडी गेली का?’ असं विचारणाऱ्यालाही उत्तर खरोखर हवं असतं. पण त्याच गावात एक जागा अशी असते, जिथे उत्तर पक्कं ठाऊक असलेला माणूस दिवसभर प्रश्न विचारतो आणि ज्यांना ठाऊक नाही ते हाताची घडी घालून बसतात. ती जागा म्हणजे शाळेचा वर्ग. काटोलच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात हेच दिसेल.

शिक्षकाचं काम काय आणि मुलाचं काम काय, याबद्दल शिक्षक भाषणात जे सांगतात ते घटकाभर बाजूला ठेवू. वर्गात प्रश्न कोण विचारतं आणि कशासाठी विचारतं, एवढंच पाहिलं तरी खरी समजूत कळते. ही समजूत एकट्या शिक्षकाची नसते. आपल्या भाषेनं, आपण आवडीनं वाचलेल्या पुस्तकांनी आणि पालकांच्या अपेक्षांनी मिळून ती त्याच्या हातात दिलेली असते. म्हणून तिची तपासणीही तिथूनच करायला हवी.

आधी शब्द पाहू. पंतोजी, मास्तर, गुरुजी, बाई, सर, मॅडम. दीडशे वर्षांत हाका बदलल्या, पण या माणसाच्या कामासाठी आपण वापरतो ते क्रियापद बदललं नाही. शिक्षक मुलांना ‘घडवतो’. निरोप समारंभात, पाच सप्टेंबरच्या स्टेटसवर, नेत्यांच्या भाषणात हेच क्रियापद येतं. घडवायला कच्चा माल लागतो, म्हणून मूल मातीचा गोळा होतं किंवा कोरी पाटी होतं. मातीचा गोळा प्रश्न विचारत नाही.

सरकारी कागदावर मात्र शब्द बदलले. २००५चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा म्हणाला, मूल स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक त्रासावर बंदी आणली. २०१५मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि ‘ज्ञानरचनावाद’ हा जड शब्द जिल्हा परिषदेच्या शाळांत रोजचा झाला. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. वर्गांच्या फरशा रंगल्या, खडे-मणी-काड्या आल्या, मुलं गोलात बसू लागली. शिक्षक आता ‘सुलभक’ झाला.

यातलं काहीच वाईट नाही. छडी गेली, ही तर मोठी गोष्ट आहे. पण फरशीवर बसलेल्या त्या गोलातही प्रश्न कुठून कुठे जातो, हे पाहावं लागतं. खडे मुलाच्या हातात आले, तरी किती खडे उरले पाहिजेत हे आधीच ठरलेलं असेल, तर बसण्याची जागा तेवढी बदलली. सुलभक म्हटल्यानं माणूस सुलभ होत नाही.

आता पुस्तकं. मराठी वाचकाचा सर्वांत लाडका शिक्षक बहुधा पु. ल. देशपांडे यांचा चितळे मास्तर. ‘व्यक्ति आणि वल्ली’मधला हा माणूस खरोखर प्रेम करावा असा आहे. शाळा सुटल्यावरही शिकवणारा, पिढ्यांमागून पिढ्या हाताखालून काढणारा, स्वतःसाठी काही न ठेवणारा. पण त्या लेखाला एकदा वेगळ्या कानानं ऐका. लक्षात राहतो तो मास्तरांचा आवाज. मुलांच्या वाट्याला ऐकणं येतं, हसणं येतं आणि मोठेपणी गहिवरणं येतं. आदर्श शिक्षक म्हणजे झिजणारा माणूस, ही समजूत आपण अशा लेखनातून घेतली. ती शिक्षकावर अन्याय करते, कारण झिजायला तयार नसलेला साधा, प्रामाणिक शिक्षक तिच्यात बसत नाही. ती मुलावरही अन्याय करते, कारण कृतज्ञ राहण्यापलीकडे त्याला कामच उरत नाही.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) दुसऱ्या बाकावरून बोलते. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी शिक्षकांना बारकाईनं वाचतो. कोण पोकळ, कोण खरा, हे त्याला कळतं. मात्र त्याच्या मनातले खरे प्रश्न, प्रेमाचे, सत्तेचे, मोठं होण्याचे, वर्गाबाहेर सुटतात किंवा तिथेच अडकतात. वर्गात ते विचारायची सोयच नाही. ही कादंबरी आजही फोनवर वाचणाऱ्या मुलांना आपली वाटते, याचं एक कारण हे असावं.

आणि व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५). औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर एक तरणा मास्तर येतो. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागे. हा मास्तर गावाला काय शिकवतो, याला कादंबरीत फारशी जागा नाही. तो काय शिकतो, याला मात्र पानंच्या पानं आहेत. मेंढरं, पाऊस, भांडणं, भूक, माणसांची अब्रू. वस्तीबद्दल त्याला काहीच माहीत नसतं, म्हणून तो विचारतो, आणि विचारतो म्हणून वस्ती त्याला आपला मानते. ‘बनगरवाडी’ आपण दुष्काळाची, ग्रामीण जीवनाची कादंबरी म्हणून वाचत आलो. उत्तर माहीत नसलेले प्रश्न विचारणाऱ्या शिक्षकाची कादंबरी म्हणूनही ती वाचता येते. अडचण एवढीच की हा मास्तर शिकतो ते बहुतेक वर्गाच्या बाहेर. वर्गाच्या आत हे घडलं तर काय होईल, ते माडगूळकर लिहीत नाहीत.

ते काटोलमध्ये घडवून पाहू. हा संत्र्याचा मुलूख. इथे बाग म्हणत नाहीत, बगीचा म्हणतात. डिसेंबरचे दिवस आहेत अशी कल्पना करा. सर विचारतात, ‘झाड जगायला काय काय लागतं?’ अपेक्षित उत्तर पुस्तकात आहे: पाणी, हवा, सूर्यप्रकाश. मागून एक मुलगा म्हणतो, ‘सर, आमच्या बगीच्याले तर बाबा पाणीच नाही देऊन राहिले.’ वर्ग हसतो. सर म्हणतात, ‘बगीच्याला म्हण. देत नाहीत म्हण. आणि पाणी नाही दिलं तर झाड मरेल की नाही?’ मुलगा म्हणतो, ‘हो सर,’ आणि बसतो.

या अर्ध्या मिनिटात काय काय गेलं? मुलगा बरोबर होता. अंबिया बहार धरायचा तर हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. ताण संपवून पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. पाऊस लागल्यावर फुलतो तो मृग बहार, त्याच्यासाठी ताण उन्हाळ्यात. हे त्या मुलाच्या घरात रोजच्या जेवणासारखं आहे. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधणं, कोळशी, डिंक्या, फळगळ, व्यापारी उभा बगीचा पाहून झाडावरच्या फळांचा अंदाज कसा बांधतो, हे सगळंही त्याच्या कानावर असतं. त्यात जीवशास्त्र आहे, गणित आहे, बाजार आहे. वर्गात त्याला एकच गोष्ट कळली: आपली भाषाही चूक, आपल्या बापाचं ज्ञानही चूक. ‘हो सर’ म्हणताना तो खोटं बोलायला शिकला, आणि त्याला शाबासकी मिळाली.

सर दुष्ट नाहीत. प्रमाण मराठी आली नाही तर परीक्षेत मार्क जातात, हे त्यांना माहीत आहे. प्रश्न त्यांनी धरलेल्या भूमिकेचा आहे. ती भूमिका सांगते, वर्गात येणारं ज्ञान एकाच दारानं येतं आणि त्या दारावर शिक्षक उभा असतो.

इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा, आणि तो हलका नाही. काटोलचा शेतकरी किंवा त्याच्या बगीच्यात मजुरीला येणारी बाई पोराला शाळेत पाठवते ती संत्र्याचे धडे ऐकायला नव्हे. तिथून सुटायला. घरचं ज्ञान वर्गात आणा, असं गोडपणे म्हणणारे पोराला घरच्याच धंद्याला बांधून तर टाकत नाहीत ना? १९५३मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. ती जातीचा धंदा पुन्हा गळ्यात मारणारी आहे, असा जोरदार विरोध झाला आणि १९५४मध्ये ती मागे गेली. १९३७ साली शेजारच्या वर्ध्यात मांडलेल्या नई तालीमलाही हा संशय चुकला नाही. विदर्भातल्या आंबेडकरी घरांना तर तो समजावून सांगावा लागत नाही. पुस्तकाची भाषा ही त्यांच्यासाठी सुटकेची भाषा होती.

या पेचातून वाट फुल्यांनी फार आधी दाखवली आहे. १८६९च्या ‘विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी’ या पोवाड्यात त्यांनी शेतकऱ्यांच्या पोरांना तुच्छ लेखणाऱ्या शिक्षकावर कोरडे ओढले. १८८२मध्ये हंटर आयोगासमोर त्यांनी मागितला तो शिक्षक शेतकरी समाजातून आलेला, त्यांच्यात मिसळणारा, नांगर धरायची लाज न बाळगणारा. पण म्हणून मुलांना नांगरावरच ठेवा, असं ते म्हणाले नाहीत. ते शाळाच मागत होते, तीही चांगली. शिक्षकानं नांगराकडे यायचं, मुलानं पुस्तकाकडे जायचं, आणि मध्ये कुठेतरी दोघांनी भेटायचं.

म्हणजे संत्रं वर्गात आणायचं ते नशीब म्हणून नको, प्रश्न म्हणून हवं. ‘ताण दिल्यावरच झाड का फुलतं?’ बापाला कधी आणि कसा द्यायचा ते माहीत आहे. का, ते कदाचित नाही. सरांनाही नाही. पुस्तकात ताणच नाही. इथे पहिल्यांदा शिक्षक आणि मूल एकाच बाजूला उभे राहतात. घरचं ज्ञान वर्गात आलं पाहिजे, आणि आल्यावर त्यालाही प्रश्न विचारता आले पाहिजेत. फवारणीचं प्रमाण बापानं बरोबर धरलं का, मजुरीत बाईला पुरुषापेक्षा कमी का, हेही मग विचारता येईल.

असं शिकवणं आपल्या मातीला अनोळखी नाही. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातले. कीर्तनात ते वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे आणि समोरचे शेतकरी-मजूर मोठ्यानं उत्तर द्यायचे. त्यांचेही पुष्कळ प्रश्न उत्तर माहीत असलेलेच होते, हे कबूल केलं पाहिजे. पण उत्तर लोकांच्या तोंडून, लोकांच्या बोलीत यायचं, आणि कुणाची भाषा तिथे दुरुस्त केली जायची नाही. आपण कुणाचे गुरू नाही आणि आपला कुणी शिष्य नाही, असं ते सांगत राहिले. गुरुपौर्णिमेच्या देशात ही साधी भूमिका नव्हे.

मग आजचा शिक्षक ‘मला माहीत नाही’ का म्हणत नाही? कारण त्याला स्वतःलाच ते म्हणायची मुभा नाही. मतदारयादीचं काम, सरलवरची माहिती, पोषण आहाराची नोंद, चाचण्यांचे गुण. साहेब शाळेत येतात तेव्हा तेही उत्तर ठरलेलेच प्रश्न विचारतात. व्याख्यान देऊन व्याख्यानपद्धती कशी वाईट ते सांगणारी प्रशिक्षणं शिक्षकांनी ऐकली आहेत, हजेरीपटावर सही करून. त्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसलेला शिक्षक आणि वर्गात ‘हो सर’ म्हणून बसणारा तो मुलगा, दोघांनी एकच धडा घेतला आहे. त्यात रोज साठेक किलोमीटरचं नागपूर-काटोल अप-डाऊन असेल, तर बगीच्यात थांबून कुणाला काही विचारायला वेळ कुठून आणायचा? शिक्षकांच्या समजुती बदला, असं सांगणाऱ्यांनी आधी शिक्षकाला एखादा खरा प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.

तोवर करता येण्याजोगी गोष्ट लहान आहे. फळ्याच्या एका कोपऱ्यात चौकट आखायची आणि वर्गात कुणालाच, सरांनाही, उत्तर माहीत नाही असा एक प्रश्न तिथे लिहून ठेवायचा. तो पुसायचा नाही. घरी, बगीच्यात, फोनवर, फळ संशोधन करणाऱ्या माणसांकडे, जिथे मिळेल तिथे शोधायचं. पहिला प्रश्न मागच्या बाकावरच्या त्या मुलाला विचारू द्यायचा, ‘बगीच्याले’ म्हणतच.