दार उघडले, पुढे काय?
‘श्रीकांत’ : विज्ञान शिक्षकाच्या नजरेतून एक चित्रपट

तुषार हिरानंदानी दिग्दर्शित ‘श्रीकांत’ हा हिंदी चित्रपट मे २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. आंध्र प्रदेशातील एका शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या श्रीकांत बोल्ला या अंध उद्योजकाची ही चरित्रकथा आहे. दहावीला चांगले गुण मिळूनही केवळ अंध म्हणून त्याला अकरावीला विज्ञान शाखा नाकारली जाते. शिक्षिकेच्या पाठबळावर तो न्यायालयात जातो आणि जिंकतो. पुढे आयआयटीची वाट बंद दिसल्यावर तो अमेरिकेतील एमआयटीत प्रवेश मिळवतो आणि परत येऊन कारखाना उभारतो. चित्रपटाची चर्चा झाली ती मुख्यतः राजकुमार राव यांच्या अभिनयाची. आपल्या दृष्टीने मात्र यात विज्ञान शिक्षणाचा एक मोठा प्रश्न आहे, आणि त्या कसोटीवर तो तपासायला हवा.

प्रथम जमेची बाजू. नायकाला ‘बिचारा’ करण्याचे चित्रपटाने टाळले आहे. हा श्रीकांत हजरजबाबी आहे, हट्टी आहे, यश मिळाल्यावर चढेलही होतो. दया नको, संधी हवी, हे तो ठणकावून सांगतो. अंध माणूस पडद्यावर आला की करुण संगीत सुरू व्हायचे, या आपल्या जुन्या सवयीला हा चांगला उतारा आहे.

पण न्यायालयाने दार उघडल्यावर वर्गात नेमके काय घडले? आलेख त्याने कसा वाचला? बेंझीनचे वलय त्याला कसे समजले? अनुमापनात रंग बदलल्याचे कसे कळले? एमआयटीत पुस्तके त्याच्या हाती कोणत्या रूपात येत होती? शिक्षकाला पडणारे हे प्रश्न चित्रपट ओलांडून जातो. त्याला घाई आहे ती पुढच्या यशाची. परिणामी प्रेक्षकाच्या मनात ठसते ती नायकाची जिद्द. ज्या व्यवस्थेमुळे जिद्द कामी येते, ती अदृश्यच राहते. अमेरिकेतील विद्यापीठांत अपंग विद्यार्थ्यांसाठी सोयी असतात त्या कुणाच्या मोठ्या मनामुळे नव्हे. १९७३ आणि १९९० च्या कायद्यांनी त्या बंधनकारक केल्या आहेत.

‘अंध मुलाला विज्ञान झेपेल का?’ हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडला जातो. चित्रपटही त्याचे उत्तर ‘हा मुलगा असामान्य आहे’ असे देतो. खरा प्रश्न असा, की विज्ञानातील माहिती डोळ्यांखेरीज दुसऱ्या वाटेने पोचवता येते का? येते, आणि हे काही नवे नाही. ब्रेलच्या सहा टिंबांतून ६३ चिन्हे बनतात. गणिताला ती अपुरी पडतात, म्हणून अब्राहम नेमेथ या अंध गणितज्ञाने अपूर्णांक, घातांक, मूळ यांसाठी ब्रेलची स्वतंत्र पद्धत तयार केली. ती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. टी. व्ही. रामन यांची दृष्टी वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूमुळे गेली. पुणे विद्यापीठात गणित शिकून ते मुंबईच्या आयआयटीत गेले. भोवतालची माणसे त्यांना पुस्तके वाचून दाखवत. पुढे कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी अशी संगणक-प्रणाली रचली की किचकट गणिती मजकूर आवाजातून ऐकता यावा. त्या प्रबंधाला १९९४ मध्ये पीएच.डी. मिळाली. म्हणजे श्रीकांतला आयआयटीची वाट बंद दिसली, त्याच्या कितीतरी आधी एक अंध विद्यार्थी तिथे शिकून गेला होता. मग ती वाट रुळली का नाही? कारण त्या वेळची सोय माणसांच्या आपुलकीवर उभी होती, आणि आपुलकीची नोंद संस्थेच्या दप्तरात राहत नाही. चित्रपटातील शिक्षिकाही अशीच एकटी आहे. तिच्या थोरवीला दाद देताना, तिला एकटीने का झटावे लागले, हे विचारायचे राहून जाते.

आज कायदा पुढे गेला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखल्या. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक घेणाऱ्याला परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे जादा मिळू लागली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी असले तरी गरज असेल तर लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. पण लेखनिक आणि जादा वेळ या परीक्षेच्या तीन तासांच्या सोयी झाल्या. उरलेल्या वर्षाचे काय? पुस्तके व साधने मोफत देण्याची या कायद्यातील तरतूद १८ व्या वर्षापर्यंतच आहे, म्हणजे विद्यार्थी विद्यापीठाच्या पायरीवर पोचतो तेथे ती थांबते. त्यापुढे गरजेप्रमाणे वाजवी सोय करण्याचे बंधन संस्थेवर आहे. ते पाळले जाते की नाही, हे पाहणारे मात्र कुणीतरी हवे.

शिक्षकाच्या हातीही बरेच काही आहे. पुठ्ठ्यावर दोरा चिकटवून केलेला आलेख बोटांनी वाचता येतो. फळ्यावर लिहिताना ‘हे याच्याखाली आणले’ असे न म्हणता समीकरण पूर्ण उच्चारले, तर अंध मुलाचे काम भागते आणि मागच्या बाकावरच्याचेही. आम्ल-आम्लारी ओळखण्यासाठी लिटमसच हवा असे नाही. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातच कांदा, व्हॅनिला आणि लवंगेचे तेल हे गंधदर्शक दिले आहेत. आम्लारीत कांद्याचा वास नाहीसा होतो, आम्लात टिकतो. हा प्रयोग नाकाने करायचा आहे! नोट्स छायाचित्रांऐवजी टंकलिखित मजकुरात दिल्या, तर संगणक त्या वाचून दाखवू शकतो.

‘श्रीकांत’ विद्यार्थ्यांना जरूर दाखवावा. मात्र तो संपल्यावर ‘किती थोर मुलगा!’ यावर चर्चा थांबवू नये. आपल्या प्रयोगशाळेत उद्या एखादा अंध विद्यार्थी आला, तर पहिला प्रयोग तो कोणता आणि कसा करील, हे सर्वांनी मिळून लिहून काढावे. असामान्य मुले वाट काढतातच. विज्ञान शिकण्यासाठी अंध मुलाला असामान्य असावे लागू नये, हे पाहणे आपले काम आहे.