कोऱ्या जागेचे मोल

अलंकरणाची हौस आपल्या समाजाच्या अंगी इतकी मुरलेली आहे, की संयत मांडणीला येथे रसिक लाभणे दुर्घट, असा एक समज रूढ आहे. परंतु मराठी मुखपृष्ठे आणि जाहिराती यांचे गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांचे दप्तर उलगडून पाहिले, तर तो टिकत नाही. दीनानाथ दलाल यांच्या 'दीपावली'ने १९४५ पासून रंगवैभवाचा जो थाट मांडला त्याची थोरवी निर्विवाद आहे. मात्र मोजक्या रेषांत पुष्कळ सांगणारी दुसरी एक परंपराही आपल्या उपयोजित कलेत पुढे सिद्ध झाली, आणि समीक्षकांनी तिची दखल घेतली ती त्या मानाने अल्पच.

या परंपरेतील सर्वांत कसदार उदाहरण कमल शेडगे यांच्या नाट्यजाहिरातींचे. वृत्तपत्राच्या खरखरीत कागदावर छायाचित्र डागाळे, रंगाची सोय नसे, आणि जागेचे मोल तर रकान्याच्या सेंटिमीटरवर ठरे. अशा त्रिविध अडचणीत चित्राला रजा देऊन त्यांनी नाटकाचे नावच चित्ररूप केले. 'रायगडाला जेव्हा जाग येते', 'मत्स्यगंधा' यांसारखी शीर्षके तयार खिळ्यांतून न उचलता त्यांनी नाटकाच्या प्रकृतीनुसार घडविली; शिरोरेषा, वेलांटी आणि उकार ही देवनागरीची खास सामग्री त्यांच्या हाती अभिनय करू लागली. अडचण सर्वांचीच समान होती, तरी शेजारच्या जाहिराती मजकुराने गच्च भरलेल्या असत. तेव्हा या संयमाचे श्रेय परिस्थितीपेक्षा प्रतिभेलाच दिले पाहिजे.

वसंत सरवटे यांनी 'ललित'च्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर साहित्यव्यवहाराची थट्टा नेमक्या रेषांनी केली. अरुण कोलटकर तर पेशाने जाहिरातक्षेत्रातील कलावंत, त्यामुळे १९७६ साली निघालेल्या 'जेजुरी' या आपल्या इंग्रजी संग्रहाचे रूप त्यांनी स्वतःच सिद्ध केले. पण त्यांच्या कवितेतील ज्या काटकसरीची आपण वाखाणणी करतो, तिचा पानाच्या रचनेशी असलेला संबंध क्वचितच तपासला जातो. र. कृ. जोशी यांनी घडविलेली 'मंगल' ही अक्षरे संगणकावाटे कचेऱ्यांतील कागदपत्रांपर्यंत पोचली. ती वाचणाऱ्यांपैकी किती जणांना कर्त्याचे नाव ठाऊक असेल?

मुंबई-पुण्याच्या या कलेशी इंदापूरसारख्या ग्रामीण तालुक्याचा संबंध काय, अशी हरकत कोणी घेतली, तर भिगवणनजीक भादलवाडीत छपाईचा गुळगुळीत, लेपित कागद तयार करणारा कारखाना उभा राहिला, एवढे उत्तर पुरे. मात्र त्याच तालुक्यातून जाणाऱ्या पुणे-सोलापूर हमरस्त्यावरील फ्लेक्सवर बोटभर जागा कोरी सापडणे कठीण. वाढदिवसाचा मानकरी, त्याच्या माथ्यावर वरिष्ठ नेते आणि पायथ्याशी शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग, हा जणू फर्मानाने ठरलेला साचा. तुकोबांच्या पालखीच्या स्वागतफलकांनाही त्यातून माफी मिळत नाही. याचे कारण केवळ अभिरुचीत नाही. हाताने पाटी रंगविणाऱ्या पेंटरला प्रत्येक अक्षराचे श्रम पडत, म्हणून मजकूर आपोआप आटोपशीर राही. फ्लेक्सची आकारणी चौरस फुटावर होते, रिकामा फूटही भरलेल्या फुटाइतकाच महाग पडतो, आणि चेहऱ्यांचा क्रम हा तर मानपानाचा मामला. पूर्वी जो संयम साधनांच्या टंचाईने थोडाफार लादला, तो आता बुद्धिपुरस्सर पत्करावा लागणार आहे. आणि तो पत्करण्याचे धैर्य कलावंताइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकापाशी असले पाहिजे.

असे गिऱ्हाईक घडावयाचे तर चांगले नमुने लोकांच्या नजरेखाली राहिले पाहिजेत. आपल्या ग्रंथालयांत पुस्तके बांधणीला गेली की त्यांची मुखपृष्ठे बहुधा नाहीशी होतात. सबब तालुक्यातालुक्याच्या ग्रंथालयांना एवढीच विनंती, की बांधणीपूर्वी मुखपृष्ठ काढून जतन करावे, आणि सूचीपत्रात लेखकाच्या नावाशेजारी मुखपृष्ठकाराचे नावही रीतसर नोंदवावे.