ओढ्याचें नाडीपरीक्षण

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत ओढ्याच्या घाणीसंबंधींच्या एका शास्त्रीय निबंधाची चर्चा व्हावी, हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. आम्हीं जन्मभर इंग्रजी काव्य शिकविलें. वनस्पतिशास्त्रांत आमचा अधिकार शून्य. तथापि रूथ पॅट्रिक या अमेरिकन विदुषींचा निबंध वाचतांना आम्हांस असें वाटलें कीं, परीक्षण कशाच्या आधारें करावें या प्रश्नाचा इतका कसून विचार आमच्या ग्रंथपरीक्षणांतहि क्वचितच होतो. हा निबंध फिलाडेल्फियाच्या अ‍ॅकॅडमी ऑफ नॅचरल सायन्सेस या संस्थेनें १९४९ सालीं प्रसिद्ध केला.

निबंधाचा विषय पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील लँकॅस्टर परगण्यामधून वाहणारी कॉनेस्टोगा ही लहानशी नदी. १९४८ सालीं बाईंनीं रसायनशास्त्रज्ञ, जंतुशास्त्रज्ञ, प्राणिशास्त्रज्ञ असें पथक घेऊन तिचें खोरें पालथें घातलें. पाण्याचा दोष ओळखण्याची रसायनाची रीत रूढच होती: बाटली भरावी आणि आंत काय मिसळलें आहे तें पाहावें. पण रात्रीं सोडलेलें विष सकाळीं कोसभर खालीं गेलेलें असतें. बाटली एका क्षणाची साक्ष देते, ओढ्यांतले जीव आठवड्यांची देतात. जीवांवरून परीक्षा करण्याचा मार्ग जर्मनींत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनीं १९०८-०९ मध्येंच दाखविला होता. त्यांचा भर विशिष्ट जीवांच्या आढळावर होता. बाईंचें म्हणणें असें कीं, एकट्यादुकट्या जीवावरून निकाल देऊं नये, सबंध वस्ती पाहावी. निरोगी ओढ्यांत जाती पुष्कळ असतात, पण बहुतेक जातींची संख्या बेताची. घाण मिसळली कीं नाजूक जाती नाहींशा होतात आणि उरलेल्यांपैकीं दोनचार बेसुमार माजतात. म्हणजे ओढा जीवांनीं नुसता गजबजलेला असणें हें आरोग्याचें लक्षण नव्हे!

हा विचार मांडण्यासाठीं त्यांनीं शेवाळापासून माशांपर्यंत जीवांचे सात गट केले आणि प्रत्येक ठिकाणाची सात स्तंभांची आकृति काढली. स्तंभाची उंची जातींच्या संख्येवरून ठरते, आणि तीहि त्याच खोऱ्यांतील निरोगी ठिकाणांशीं तुलना करून. एखादी जात फार माजली असेल तर स्तंभ दुप्पट रुंद. अडाण्यालाहि समजावी अशी ही योजना आहे.

बाईंचा खरा जिव्हाळा मात्र डायटमांशीं. डोळ्यांना न दिसणाऱ्या या शेवाळाचें कवच वाळूच्याच द्रव्याचें, आणि कुंकवाच्या करंड्यासारखें झांकणासह दोन भागांचें असतें. मराठींत त्यांना ‘करंडक वनस्पति’ हें नांव मिळालें आहे, तें किती समर्पक! सात वर्षांच्या असतांना वडिलांनीं दिलेल्या सूक्ष्मदर्शकापासून हा नाद सुरू झाला. पुढें १९३३ पासून १९४५ पर्यंत त्यांनीं वरील संस्थेंत बिनपगारी काम केलें. स्त्रीची विद्वत्ता फुकट मिळत असेल तर संस्थेला ती चालत असे, एवढाच याचा अर्थ. पाण्यांत कांचेच्या पट्ट्या तरंगत ठेवून त्यांवर डायटम वाढूं देणारें ‘डायटोमीटर’ हें साधन त्यांचेंच.

आतां आमचे आक्षेप. डोंगरांतील थंड झऱ्यांत मुळांतच जाती थोड्या असतात. त्याला कॉनेस्टोगाचें माप लावलें तर निर्मळ पाणीहि रोगी ठरेल. प्रत्येक खोऱ्यासाठीं माप नव्यानें तयार करणें भाग आहे, आणि त्यासाठीं प्रत्येक गटाचा जाणकार हवा. एवढा खर्च कोण करणार?

येथेंच नाजूक प्रश्न येतो. खर्च पुष्कळदां कारखानदारांनीं केला. १९७५ सालीं बाई ड्यू पाँट या रासायनिक कंपनीच्या संचालक मंडळावरहि गेल्या. त्या मंडळावरील त्या पहिल्या स्त्री. वैद्यानें यजमानाघरीं जेवूं नये असें कोणी म्हणत नाहीं, पण येथें रोगी नदी आणि यजमान कारखाना! आम्हांला हें मनापासून रुचलें नाहीं. मात्र याच कंपनीनें दक्षिण कॅरोलिनांत सरकारसाठीं अणुद्रव्याचा कारखाना उभारला, तेव्हां तो सुरू होण्यापूर्वींच, १९५१ सालीं, बाईंनीं सॅव्हाना नदीचे जीव मोजून ठेवले, आणि ती मोजणी पुढें कित्येक वर्षें चालू राहिली. उद्यां नदी बिघडली तर ती पूर्वीं कशी होती हें यजमानाच्याच पैशानें नोंदलेलें. बाहेर उभें राहून केलेल्या निषेधाच्या भाषणांनीं एवढा पुरावा जमला असता असें आम्हांस वाटत नाहीं. आणि तरीहि संचालकपदाची ती खुर्ची डोळ्यांत सलते.

बाई २०१३ सालीं एकशें पांच वर्षांच्या होऊन वारल्या. ऐंशी वर्षें उलटल्यावर त्यांनीं अमेरिकेच्या नद्यांवर जी ग्रंथमाला काढली, ती ग्रंथालयांत असावी. सलग वाचण्याजोगी ती नाहीं. कॉनेस्टोगावरील निबंध मात्र अवश्य वाचावा. भाषा रुक्ष आहे. आकृत्या अगोदर पाहाव्या, गद्य मागाहून.